वन डे ग्रुप ट्रेक आणि नंतर एकत्र जेवण: पॅकेज कसं वाटलं, सविस्तर

सकाळी जमायचं, दिवसभर डोंगरात चालायचं, उजेड असतानाच खाली उतरायचं आणि मग सगळ्यांनी एका टेबलावर बसून खायचं-प्यायचं, असं सगळं एकाच फीमधे देणारे आयोजक हल्ली बरेच झालेत. अशाच एका ट्रेकला नुकतीच जाऊन आले आणि बऱ्याच जणींनी विचारलं की कसा होता, घ्यावं का असं पॅकेज, म्हणून जरा नीट लिहितेय. आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. चालण्याच्या भागाला पूर्ण पाच दिले असते, जेवणाला साडेचार, आणि ड्रिंक्सचं जे काही केलं होतं त्याला जेमतेम अडीच.

मी अशा ट्रेकचं मोजमाप एकाच गोष्टीवर करते, की सगळ्यात मागे चालणाऱ्या माणसाचा दिवस कसा गेला. पुढे चालणाऱ्यांचा दिवस चांगलाच जातो हो, त्यांना आयोजक नसला तरी चालतं, ते फिट असतात, त्यांना वाट दिसते, वर पोचून फोटो काढून होतात आणि खाली येऊन पहिलं गरम ताटही त्यांनाच मिळतं. फी खरी कामी येते ती शेवटच्या माणसासाठी. त्याला दम खायला मिळाला का, त्याच्यासोबत कोणी होतं का, तो टेबलापाशी पोचला तेव्हा खुर्ची आणि गरम जेवण होतं का. हे जमलं तर आयोजक चांगला, नाहीतर सेल्फी पॉइंट कितीही भारी असू दे.

सुरुवात नोंदणीच्या फॉर्मपासून करते कारण तिथेच मला पहिला विश्वास वाटला. नाव, वय, इमर्जन्सी नंबर हे सगळेच विचारतात. यांनी विचारलं होतं की गेल्या काही महिन्यात सलग किती तास चाललायत, चढताना दम लागून थांबावं लागतं का, रोजची औषधं कोणती, कशाची ॲलर्जी आहे आणि ती झाली तर काय होतं, सोबत इंजेक्शन किंवा इन्हेलर ठेवता का आणि बॅगेच्या कुठल्या कप्प्यात. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे प्रकार, गहू, सोया, तीळ, सगळ्याला वेगवेगळी टिक करायची सोय. आणि दारू घेणार, नाही घेणार, हेही विचारलं होतं (यावर नंतर बोलते, कारण विचारून त्या माहितीचं पुढे काहीच केलं नाही).

मग माहितीपत्रक आलं. एकूण अंतर 12 किलोमीटर, चढाई 600 मीटर, आणि लागणारा वेळ साडेपाच तास. आता ज्यांना थोडं गणित आवडतं त्यांच्यासाठी, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मधे एक साधा हिशोब दिला होता जो अजूनही जगभर वापरतात, सपाटीवर दर 5 किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर 600 मीटरला वरून एक तास. त्या हिशोबाने हा ट्रेक साधारण साडेतीन तासांत होतो. पण तो हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे, त्यात पाणी पिणं नाही, लेस बांधणं नाही, फोटो नाही, आणि उतार तीव्र असेल तर उतरायलाही जास्त वेळ लागतो ते नाही. एरिक लँगम्युअर या ब्रिटिश गिर्यारोहकाने नंतर त्यात दुरुस्ती सुचवली की तीव्र उतारावर दर 300 मीटर उतरायला दहा मिनिटं वाढवायची आणि सौम्य उतारावर तेवढीच कमी करायची. बरेच आयोजक जाहिरातीत साडेतीन-चार तास लिहून मोकळे होतात कारण ते ऐकायला सोपं वाटतं, आणि मग लोक हॉटेलात टेबल बुक केलेल्या वेळेच्या मागे धावत उतरतात, जे सगळ्यात धोक्याचं. इथे साडेपाच लिहिले होते आणि साडेपाचला थोडीशीच मिनिटं वर लागली. वेळेचा असा खरा अंदाज देणं ही माझ्या मते या सर्व्हिसमधली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण जेवणाची वेळ त्यावर, बसची वेळ त्यावर, घरच्यांना दिलेला शब्द त्यावर.

ब्रीफिंग छोटं पण मुद्द्याचं. पुढे कोण, मधे कोण, शेवटी स्वीप (म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून कोणी सुटत नाही ना ते बघणारा) कोण, तिघांचे चेहरे दाखवले, लीडरच्या पुढे जायचं नाही आणि स्वीपच्या मागे राहायचं नाही एवढा एक नियम. वाटेतून बाजूला जायचं असेल, म्हणजे अगदी लघवीला, तर बॅग वाटेवर ठेवून जायचं म्हणजे स्वीपला कळतं की इथे कोणीतरी आत गेलंय. हे किती साधं आहे पण यानेच माणसं हरवत नाहीत. शिट्टी प्रत्येकाकडे होती. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, परत सहा, आणि ऐकू आलं असं कळवायला मिनिटाला तीन, हेही सांगितलं आणि दोघांकडून म्हणवून घेतलं. परत फिरायची वेळ ठरवून जाहीर केली, की या वेळेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून वळणार, यावर चर्चा नाही. एकाने विचारलं की अगदी दहा मिनिटं राहिली असतील तर? लीडर मुलगी शांतपणे म्हणाली, "तरी वळायचं. ती दहा मिनिटं वर जायची असतात, खाली यायची वेगळी." मला फार आवडलं ते उत्तर.

आता चालण्याबद्दल. ग्रुपमधे साधारण वीसेक माणसं, वय कॉलेजपासून ते रिटायर झालेल्यांपर्यंत. एवढ्या लोकांना एका ओळीत चालवताना एक गोष्ट हमखास होते जी पुढच्यांच्या लक्षातच येत नाही. पुढचे भराभर जातात, मग थांबतात, बॅग टाकतात, पाणी पितात, गप्पा मारतात, तोवर मागचे धापा टाकत पोचतात, आणि ते पोचले की पुढचा कोणीतरी उठून म्हणतो चला, सगळे आले, निघूया. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात कमी गरज त्याला दहा मिनिटं आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला शून्य. दिवसभर हे असंच चाललं की मागचा माणूस हळूहळू संपतो, त्याला वाटतं आपणच कमी पडतोय, आपल्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय, तो पाणी प्यायलाही थांबत नाही, आणि मग उतरताना पाय अडखळतो. मी हे इतर ट्रेकमधे बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण याचा फिटनेसशी काही संबंध नसतो, ही चक्क मॅनेजमेंटची चूक असते.

इथे दोन गोष्टी केल्या होत्या. एक, ब्रेकचं घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू व्हायचं. तोपर्यंत पुढच्यांनी कितीही वाट बघितली असली तरी ती मोजायची नाही. दोन, पहिल्या ब्रेकनंतर लीडरने सगळ्यात हळू चालणाऱ्या काकांना आपल्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या नंबरवर घेतलं, आणि काहीही गाजावाजा न करता, "काका, तुम्ही माझ्यासोबत चला ना, मला जरा सोबत होईल" एवढंच म्हणून. त्यानंतर अख्ख्या ग्रुपचा वेग आपोआप त्यांच्या पावलाला जुळला. दोन-तीन तरुण मुलं थोडी चुळबुळ करत होती सुरुवातीला, मग त्यांनाही लय सापडली आणि गंमत म्हणजे ग्रुप एकूणात लवकर पोचला, कारण थांबणं कमी झालं. हळू पण सलग चालणं हे पळणं-थांबणं-पळणं यापेक्षा कमी दमवतं, हे वाचून माहिती होतं, इथे अख्ख्या ग्रुपमधे होताना बघितलं. मी तेव्हा मुद्दाम स्वीपसोबत मागे चालत होते आणि खरं सांगते, मागे चालायला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

पाण्याचंही तसंच. मध्यम हवेत मध्यम चालीला ताशी साधारण अर्धा लिटर असा अंदाज धरतात, उन्हात जास्त. यांनी प्रत्येकी तीन लिटर आणायला सांगितलं होतं आणि बाटल्या निघताना बघितल्या, तोंडी नाही. सोबत मिठाचं काहीतरी खायला सांगितलं होतं, कारण तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, आणि त्याची सुरुवातीची लक्षणं, डोकं दुखणं, मळमळणं, ही पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, मग माणूस अजून पाणी पितो आणि अजून बिघडतं. हे ब्रीफिंगमधे सांगणारा आयोजक मला पहिल्यांदाच भेटला.

दुपारचा डबा ज्याचा त्याचा होता. सूचना अशी होती की लवकर खराब होणारं काही आणू नका, कारण शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त आणि कडक उन्हात तासापेक्षा जास्त राहू देऊ नये म्हणतात, आणि पाठीवरच्या बॅगेत तर ते मस्त कोमट होऊन बसतं. त्यामुळे लोकांनी कोरडं, टिकणारं आणलं होतं. थोडं कमी पोटभर झालं असं काही जण म्हणाले पण माझ्या मते बरोबरच होतं, भरपेट खाऊन चढायला जड जातं आणि खाली जेवण होतंच की.

माथ्यावर एकाने बॅगेतून बिअरचा कॅन काढला. वातावरण एकदम हलकं होतं, सगळे खुश होते, दोघं-तिघं लगेच हात पुढे करायच्या बेतात. लीडरने तिथल्या तिथे सांगितलं, आत्ता नाही, खाली. आवाज चढवला नाही, लेक्चर दिलं नाही, पण मागेही हटली नाही. मला इथे त्या मुलीची बाजू घ्यायचीच आहे कारण नंतर टेबलावर कोणीतरी म्हणालं की एका कॅनने काय होतं. होतं हो. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्यामुळे ऊब वाटते पण प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते, आणि वर हवा तशीही थंड असते, सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, त्यात घामाने भिजलेला शर्ट आणि वारा. वरून लघवी जास्त होते म्हणजे पाणी अजून कमी होतं. आणि तोल, जो उतारावर सगळ्यात जास्त लागतो, तोच आधी जातो. दमलेल्या पायांनी उतरतानाच माणसं घसरतात. त्यामुळे हा नियम मला कडक वाटत नाही, तो ट्रेकचाच भाग आहे आणि तो पाळायला लावणारा लीडर मिळणं हे त्या फीमधलं एक मोठं काम आहे.

उतरणीबद्दल थोडक्यात. ज्यांच्याकडे पोल (चालताना टेकायच्या काठ्या) नव्हते त्यांना आयोजकांनी दिले, सगळ्यांना पुरले नाहीत, ते वाढवायला हवेत. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे ओरडायला होतं ते त्याचमुळे, आणि पोलने गुडघ्यावरचा भार बराच हलका होतो. बुटांची तपासणी सुरुवातीलाच केली होती आणि एका मुलाला गुळगुळीत सोलचे बूट बघून दुसरे आहेत का असं विचारलं होतं, सुदैवाने बसमधे होते. काहींना ते जास्तच वाटलं. पण बुटाच्या सोलचा इतिहास बघितला तर लक्षात येतं की हा विषय किती जिवावरचा आहे. 1935 मधे इटालियन आल्प्समधे विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा साथीदार डोंगरात दगावले, त्यांच्या पायातले बूट त्या परिस्थितीसाठी नव्हते, आणि त्यानंतर त्याने 1937 मधे खोल खाचांचं रबरी सोल आणलं, तेच पुढे व्हायब्रम या ब्रँडने प्रसिद्ध झालं. आज आपण दुकानात सोल उलटा करून बघतो त्या खाचा अशा आल्यात. त्यामुळे त्या मुलाला बूट बदलायला लावले ते उत्तम केलं.

आता खाली आल्यावरचं. चालणं आणि जेवण यांच्यामधला अर्धा तास बहुतेक आयोजक विसरतात आणि माझ्या मते एकत्र जेवणाची मजा त्या अर्ध्या तासावर ठरते. घामाचे कपडे, चिखलाचे बूट, मातीचे हात, आणि तसंच जाऊन खुर्चीत बसायचं, दहा मिनिटांत अंगात थंडी भरते आणि माणूस गप्प गप्प होतो. इथे कोरडा टीशर्ट, मोजे आणि चपला बसमधे ठेवायला आधीच सांगितलं होतं, बायकांना आणि पुरुषांना बदलायला वेगळी जागा होती, आणि मुख्य म्हणजे साबण आणि वाहतं पाणी होतं. सॅनिटायझरची बाटली फिरवून काम भागवलं नाही याचं मला खास कौतुक आहे, कारण पोट बिघडवणारे काही विषाणू, नोरोव्हायरस त्यातला प्रसिद्ध, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसे दाद देत नाहीत, साबणाने हात धुवावेच लागतात, आणि जिथे वीस माणसं एकाच भांड्यातून वाढून घेणार आहेत तिथे तर नक्कीच. तक्रार एकच, बायकांच्या बाजूला एकच टॉयलेट होतं आणि रांग लागली, त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. जागा निवडताना हे बघायला पाहिजे होतं, ग्रुपमधे निम्म्याहून जास्त बायका होत्या.

टेबल. एक लांब टेबल, सगळे एकत्र, हे फार म्हणजे फार महत्वाचं. चार-चारच्या टेबलांवर बसवलं की जे मित्र मिळून आलेत ते एकत्र बसतात आणि जे एकटे आलेत ते उरलेल्या टेबलावर मोबाईल बघत बसतात. इथे एकटे आलेले बरेच होते आणि लांब टेबलामुळे कोणीच कोपऱ्यात पडलं नाही. पोचल्या पोचल्या आधी पाणी आणि खारट गरम सूप. ऑर्डर घेणं, मेनू बघणं, तुला काय मला काय हे काहीच नाही, ते सगळं नोंदणीच्या वेळी ठरलेलं. पाच-साडेपाच तास चाललेल्या माणसाला मेनूकार्ड देऊन वीस मिनिटं थांबवणं बरोबर नाही, तासाला साधारण चारशे कॅलरी जाळून आलेला असतो तो, त्याला भूक लागलेली असते आणि भुकेला माणूस चिडचिडा असतो. डोंगर चालून आल्यावर पहिल्या काही तासांत स्नायू साखर पटापट भरून घेतात, त्यामुळे भात, ब्रेड, बटाटा असलं काहीतरी आणि सोबत प्रोटीन, हे लगेच मिळालं की दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. तसंच होतं जेवण, साधं, गरम, भरपूर. फार नटवलेलं नाही. चवीला उत्तम म्हणणार नाही पण त्या वेळी त्या भुकेला अगदी योग्य होतं.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. स्वीप आणि शेवटचे तिघं बाकीच्यांपेक्षा साधारण वीस मिनिटं उशिरा आले, एका ताईंच्या टाचेला फोड आला होता आणि तिथे थांबून टेप लावून मग हळूहळू उतरले. ते येईपर्यंत सूप सगळ्यांना दिलं होतं पण जेवण उघडलं नव्हतं. कोणाला सांगावंही लागलं नाही, लीडरने किचनला आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटचा माणूस बसला की वाढा. त्या ताई आत आल्या, चेहऱ्यावर तेच जे मी वर म्हटलं, माझ्यामुळे उशीर, आणि सॉरी म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाच्या मधली खुर्ची कोणीतरी मागे ओढली, सूप समोर आलं आणि मग मागून सगळ्यांचं जेवण एकदम आलं. सॉरी म्हणायला वेळच मिळाला नाही त्यांना. नंतर तासाभराने त्याच ताई सगळ्यात मोठ्याने हसत होत्या. अशा वेळी आपण पैसे कशाचे दिले ते कळतं. ॲलर्जीची ताटं वेगळी, नावाची चिठ्ठी लावलेली, वेगळ्या चमच्यांसकट, आणि शाकाहारी जेवण वेगळ्या टोकाला नाही तर दोन्ही बाजूंना ठेवलेलं, म्हणजे त्यासाठी कोणाला जागा बदलावी लागली नाही.

ड्रिंक्सचं मात्र फसलं आणि मला हे नीट लिहायचंय कारण बाकी सगळं इतकं विचार करून केलेल्या लोकांनी इथे विचारच केला नव्हता. पहिलं म्हणजे ड्रिंक्स फीमधे धरलेले. जो दोन-तीन बिअर घेतो त्याची आणि जो पाण्यावर आहे त्याची फी सारखीच. फॉर्ममधे विचारलं होतं ना कोण घेणार कोण नाही, मग ती माहिती वापरून दोन वेगळे दर ठेवायला काय अडचण होती? ग्रुपमधे न पिणारे साधारण निम्मे होते, कोणी धर्माने, कोणी औषधांमुळे, कोणाला आवडत नाही, एक मुलगी गरोदर होती आणि ती हे टेबलावर सांगू इच्छित नव्हती, मला हळूच सांगितलं. अशा लोकांना नाही म्हणताना कारण द्यावं लागू नये, आणि तसं व्हायचं असेल तर दारू नसलेलंही काहीतरी तितकंच चांगलं टेबलावर पाहिजे. इथे होती फक्त गोड गोड कोल्ड्रिंक्स. एवढा घाम गेल्यावर गार सोडा, ताज्या फळांचा रस, चहा, कॉफी, आलं घातलेलं काही गरम, कितीतरी देता आलं असतं. एका टोकाला ग्लास भरतायत, चिअर्स चाललंय आणि दुसऱ्या टोकाला माणसं कोल्ड्रिंकची दुसरी बाटली उघडू की नको अशी बसलीत, हे बघून वाईट वाटलं.

दुसरं, ड्रिंक्स जेवणाच्या आधी आले. सूप होतं हे खरं, पण सूपने पोट भरत नाही. रिकाम्या पोटी अल्कोहोल भराभर रक्तात जातं, पोटात जेवण असलं की सावकाश, हे सगळ्यांना माहिती असतं आणि दमलेल्या, घाम गेलेल्या शरीरावर ते जास्तच जाणवतं. पाच टक्केवाल्या 330 मिलीच्या एका बिअरमधे साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि लिव्हर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅमच निपटवतं, म्हणजे एका बाटलीलाच दीड-दोन तास लागतात, आणि अर्ध्या तासात दुसरी घेतली तर हिशोब पुढेच सरकत जातो. दोघांना जेवण येईपर्यंत चांगलीच चढली होती, त्यातला एक उठताना धडपडला, लागलं नाही काही. जेवण आधी आणि ड्रिंक्स नंतर, एवढा क्रम बदलला तरी हे टळतं, किचनला एक शब्द सांगायचा प्रश्न होता.

यात एक गोष्ट मात्र मनापासून चांगली. लीडर, मधला आणि स्वीप, तिघांपैकी कोणीही सगळे बसमधे बसून मोजून होईपर्यंत काही घेतलं नाही. आग्रह झाला, भरपूर झाला, एकदा तर ग्लास हातात दिला, तरी नाही. आणि स्वतःची गाडी घेऊन यायला नोंदणीतच मनाई होती, सगळ्यांनी बसनेच यायचं, ज्यावर मी सुरुवातीला वैतागले होते कारण मला बस स्टॉप लांब पडतो, पण ड्रिंक्स असलेल्या ट्रेकमधे याला पर्याय नाही. दिवसभर चालून दमलेला माणूस न पिताही स्टिअरिंगवर पेंगतो.

म्युझिकही जरा जास्त मोठं होतं. ट्रेकनंतरच्या टेबलावर लोकांना बोलायचं असतं, अमुक कड्यापाशी तुझा चेहरा बघण्यासारखा होता, ते पक्षी कुठले होते, पुढच्या वेळी कुठे, या गप्पांसाठीच तर बसलेले असतो. समोरच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. सांगितल्यावर कमी केलं, मग परत वाढलं.

कचऱ्याबद्दल, वर जे नेलं ते सगळं खाली आणलं, फळांच्या सालींसकट, हे लीडरने शेवटी पिशव्या उघडून दाखवायला लावलं. साली कुजतात की, असं एकाने म्हटलं, पण त्या कुजायला बरेच महिने लागतात आणि तोपर्यंत प्राण्यांना माणसाच्या खाण्याची सवय लागते. टेबलावरही डिस्पोजेबल प्लेट नव्हत्या, धुवायच्या प्लेटा होत्या. उरलेलं जेवण डब्यात भरून ज्यांना हवं त्यांना दिलं, ज्यांचे डबे दुपारीच रिकामे झाले होते त्यांना ते कामी आले.

कोणासाठी आहे हे पॅकेज? ज्यांना एकट्याने जायची भीती वाटते, ज्यांचे मित्र ट्रेकला येत नाहीत, ज्यांनी बऱ्याच वर्षांनी बूट बाहेर काढलेत, त्यांनी डोळे झाकून जावं. ज्यांना वेगात चालायचंय, कमीत कमी वेळात ट्रेक संपवायचाय, त्यांना कंटाळा येईल आणि ते ठीकच आहे, त्यांच्यासाठी वेगळे ट्रेक असतात. दारू न पिणाऱ्यांनी जाण्याआधी आयोजकांना फोन करून वेगळा दर मागावा, मी परत आल्यावर लेखी कळवलंय आणि त्यांचं उत्तर आलं की पुढच्या ट्रेकपासून ड्रिंक्सचं बिल ज्याचं त्याने द्यायचं आणि जेवण आधी वाढायचं असं ठरवतायत. तसं झालं तर मी इथे येऊन स्टार वाढवेन. आणि फॉर्ममधे ॲलर्जी, औषधं, चालण्याची सवय हे सगळं खरं खरं भरा, कमी सांगू नका, ती माणसं ते वाचतात.